सत्त्याण्णव दिवस

“एकोणीस, वीस. आता उडी,” फोनमधली बाई म्हणाली. तिनं फोनसमोर उडी मारली, आणि खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी काठीनं छत ठोकलं.

“झालं,” नवरा उशीत तोंड खुपसून म्हणाला. “सकाळी सकाळी घोडे नाचवतेस घरात. अगं, पायाखाली निदान गादी तरी घाल. नाहीतर एक दिवस आपण त्यांच्या स्वयंपाकघरातच उतरू.”

“आठ मिनिटं राहिलीत.”

“आणि मग?”

“मग जिने.”

तो कूस बदलून झोपला. फोनवर हिरव्या अक्षरांत आकडा आला होता: सत्त्याण्णव दिवस, एकही न चुकता. ती पुन्हा उडी मारायला वाकली.

ती सलाइनच्या कारखान्यात बाटल्या तपासायला होती. उंच स्टुलावर बसायचं. समोर दिवा, त्यामागे अर्धी काळी, अर्धी पांढरी पाटी. बाटली उलटी करून पाटीसमोर धरायची. आत केस, धागा किंवा काचेचा कण दिसला तर लाल क्रेटमध्ये, नाहीतर हिरव्या. बावीस वर्षांत तिच्या हातून वाईट बाटली सुटल्याचं कुणाला आठवत नव्हतं. म्हणून सगळ्याजणी तिला घार म्हणत. आधी चिडवायला, मग कौतुकानं. आता तेच तिचं नाव झालं होतं.

गेल्या वर्षी ताईच्या छातीत गाठ निघाली. ताई तिच्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा ताईनंच हिच्या वेण्या घातल्या, अभ्यास घेतला, लग्नात पाठवणी केली. ऑपरेशनमध्ये ताईच्या छातीची डावी बाजू काढावी लागली. त्याच दिवशी डॉक्टरीणबाईंनी घारीला बाजूला घेतलं.

“सख्ख्या बहिणी ना? मग तुम्हालाही जपायला हवं. काम बैठं, वजनही वाढलंय. रोज अर्धा तास घाम येईल असा व्यायाम करा. त्यानं धोका कमी होतो. नाहीसा होत नाही, कमी होतो. आणि एकदा छातीचा फोटो, म्हणजे मॅमोग्राफी, काढून घ्या.” त्यांनी चिठ्ठी लिहून दिली.

व्यायामाचं तेवढं घारीनं मनाला लावून घेतलं. चिठ्ठी पर्सच्या आतल्या कप्प्यात गेली.

आधी ती नुसती चालायची, तेही जमेल तेव्हा. मग ताईच्या मुलीनं, म्हणजे भाचीनं, तिच्या फोनवर अॅप घालून दिलं. “मावशी, फुकट आहे. ही बाई सांगेल तसं करायचं. रोज केलंस की साखळी लांबत जाते, एक दिवस चुकलीस की पुन्हा एकपासून.” एकपासून हा शब्द घारीला असा काही लागला, की त्या दिवसापासून ती तापातसुद्धा थांबली नाही.

आता तिला बसवतच नसे. भाजी परतताना ती एका पायावर उभी राही. कारखान्यात डोळ्यांना विश्रांती म्हणून दर वीस मिनिटांनी थोडी सुट्टी मिळे. त्यात बाकीच्या डोळे मिटून बसत आणि ही टाचा उचलून मोजत राही. शेजारच्या स्टुलावर जी अखंड बडबडणारी बाई होती, तिला सगळ्या रेडिओ म्हणत.

“घार, तुला बघूनच मला धाप लागते,” रेडिओ म्हणाली. “काय ऑलिंपिकला जायचंय?”

“ऊठ. तूही कर.”

“माझे गुडघे राजीनामा देतील.”

पण दुसऱ्या दिवशी रेडिओ उठली. आठवड्याभरात पाचजणी उठल्या. सुपरवायझर मॅडम दारात येऊन बघत राहिल्या आणि न रागावता निघून गेल्या.

संध्याकाळी टीव्हीसमोर टेकलं, की मात्र घारीचा हात आपोआप काखेकडे जाई. बोटं पोचायच्या आत ती हात मागे घेई, उठे आणि काहीतरी आवरायला लागे.

त्या सत्त्याण्णवाव्या दिवशी सुट्टी होती. दुपारी ती ताईकडे गेली. ताईचे केस पुन्हा उगवले होते, आखूड आणि कुरळे. घारीनं फोन पुढं धरला. ताईनं चष्मा लावून आकडा वाचला.

“छान. आणि फोटो?”

“कसला फोटो?”

“सोंग घेऊ नकोस. तू चौथीत होतीस तेव्हापासून ओळखते तुझी सोंगं. चिठ्ठी कुठाय?”

“पर्समध्ये. जाणारच आहे पुढच्या आठवड्यात.”

“वर्ष होत आलं त्या पुढच्या आठवड्याला.”

घार उठून खिडकीशी गेली. पडदा सारखा केला, पुन्हा विस्कटला.

“बस.”

“बसवत नाही मला. ताई, मी रोज करतेय ना? एक दिवस चुकले नाही. मग मला कशाला काय होईल?”

“मी पंधरा वर्षं शाळेत शिकवायला चालत जात होते,” ताई म्हणाली. “जाऊन-येऊन चार मैल. तरी झालंच. म्हणून चालणं वाया गेलं असं नाही. अंगात ताकद होती म्हणून औषधं सोसली, असं डॉक्टरीणबाईच म्हणाल्या. पण पायांना डोळे नसतात गं. गाठ बघायला बघावंच लागतं.” तिनं चष्मा काढला. “तुला एक सांगू? मला ती आधीच लागली होती हाताला. आठ महिने. रोज अंघोळीला हात न्यायचे आणि काढून घ्यायचे. कुणाला सांगितलं नाही. दवाखान्यातही खोटंच सांगितलं, की कालच कळलं.”

घार वळली. तिला राग आला. मग तो राग कुठल्या कुठं गेला आणि नुसतं भय उरलं.

“मी दिवसभर बाटलीत केस शोधते, ताई,” ती हळू म्हणाली. “सापडला की बाटली फेकून देतात.”

“मला फेकलं का कुणी?”

घार खाली बसली. ताईच्या मांडीवर डोकं ठेवून ती रडली, आणि ताई तिच्या पाठीवर थोपटत राहिली, पूर्वी थोपटायची तशी.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून ती फोटो काढायला गेली. मशीनवरची मुलगी मऊ बोलणारी होती. “खांदा सैल सोडा. दाबलं जाईल, थोडं दुखेल. आता श्वास धरा.” दोन्ही बाजू झाल्या. मग ती मुलगी आत जाऊन आली.

“उजवीकडचा पुन्हा एकदा घेऊ या.”

“का?”

“डॉक्टर म्हणाल्यात म्हणून.”

पुन्हा फोटो झाला, मग सोनोग्राफी. मोठ्या डॉक्टरांचं मत यायला पाच दिवस लागतील, असं सांगून त्यांनी तिला पाठवलं. घरी आल्यावर तिला कळलं, की आज व्यायाम राहिला. तिनं फोन बंद करून कपाटात ठेवला.

त्या पाच दिवसांत खालच्या आजोबांना काठी उचलावी लागली नाही. नवऱ्यानं पहिल्या दिवशी विचारलं, दुसऱ्या दिवशी न विचारता चहा करून तिच्यासमोर ठेवला आणि कामावर उशिरा गेला. तिसऱ्या दिवशी कारखान्यात रेडिओनं हिरव्या क्रेटमधून एक बाटली काढून दिव्यासमोर धरली.

“घार. यात धागा आहे.”

घारीनं बघितलं. बोटभर पांढरा धागा, ढळढळीत. बावीस वर्षांत पहिला.

“माझी नजर ठिकाणावर नाही,” ती म्हणाली, आणि का ते सांगितलं.

रेडिओनं बाटली लाल क्रेटमध्ये ठेवली. त्यानंतर दोन दिवस ती स्वतःचं काम करून घारीचं क्रेटही पुन्हा बघत होती. मॅडमपर्यंत त्यातलं काही गेलं नाही.

सहाव्या दिवशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “पाण्याची गाठ आहे, निरुपद्रवी. कापायला नको, टोचायला नको. वर्षानं पुन्हा या. आणि व्यायाम सोडू नका.”

“त्यानं नक्की उपयोग होतो ना?”

“होतो. पण तो टाळू नका आणि त्याच्याआड लपूही नका.”

घार तिथून तडक ताईकडे गेली. ताईनं दारातच तिचा चेहरा वाचला आणि तिला घट्ट धरलं. मग स्वतःच चपला घालायला लागली.

“चल. फिरून येऊ. टेकाडापर्यंत.”

दोघी चालत निघाल्या. ऊन उतरलं होतं. ताई सावकाश चालत होती, आणि घारीला पाऊल आखडून चालणं जड जात होतं. वळणावर ताई सहज म्हणाली, “सोमवारी मला स्कॅनला बोलावलंय. पाठ दुखतेय. आजार तिकडं पसरला नाही ना, ते बघणार.”

“केव्हापासून?”

“तीन दिवस. यावेळी लगेच सांगितलं.”

घारीनं तिचा दंड धरला. चढ सुरू झाला तिथं एक बुटका कठडा होता. ताई त्यावर टेकली.

“मी इथं बसते. तू जा वर.”

“मीही बसते.”

“नको. तू जा. मला बघायचंय.”

घार चढू लागली. आधी हळू, मग भरभर. श्वास फुलला, कपाळावर घाम आला. वर पोचून ती वळली. कठड्यावर ताई लहानशी दिसत होती. तिनं हात केला. ऑपरेशन झालेल्या बाजूचा तो हात खांद्याच्या वर जात नसे, म्हणून ती तिथूनच हलवत होती.

घारीनंही हात वर केला. तेवढाच, खांद्यापर्यंत.