शिसं आणि मध

सर्बियातल्या त्या गावात, शिसं ओतून भीती उतरवणाऱ्या स्तामेना आजीच्या अंगणात आलुबुखाराच्या झाडांखाली पाय ठेवायला जागा नव्हती. ल्युबोमिरच्या डोक्यावर लाल फडकं, त्यावर धरलेलं पाण्याचं भांडं, आणि आजी त्यात वितळलेलं शिसं ओतत होती. चर्र झालं. गर्दीने श्वास रोखला. आजीने पाण्यातला वेडावाकडा गोळा उचलून दाखवला. डोक्यातली भीती म्हणे बाहेर आली होती. मग रोजच्यासारखा चमचाभर मध त्याच्या तोंडात गेला.

महिन्यापूर्वी हाच ल्युबोमिर पाय ओढत होता, शब्द विसरत होता. मेंदूत गाठ, तीही सगळ्यात आडदांड जातीची. आज तो चालत आला होता. रेडिएशनला जाणं त्याने परस्पर रद्द केलं होतं.

त्याची धाकटी बहीण देसांका बेलग्रेडच्या प्रयोगशाळेत याच जातीच्या गाठीवर काम करी. पेशीतले आरएनए म्हणजे निरोपाच्या चिठ्ठ्या. कुठली वाचायची, कुठली फाडायची, हे त्यांना धरणारी प्रथिनं ठरवतात. या गाठीत काही प्रथिनं ‘वाढा’ म्हणणारी चिठ्ठी कवटाळून बसतात, फाडूच देत नाहीत. हे तिने गावात समजावून सांगितलं, आणि आजीला नवा मंत्र मिळाला.

“तुझ्या चिठ्ठ्या मी शिशात उतरवते, पोरी. तुला सूक्ष्मदर्शक लागतं, मला पळी पुरते.”

लोक हसले. देसांका हसली नाही. भाऊ खरंच चालत होता, आणि क्षणभर तिलाही वाटलं, असेना का शिसं.

जेवताना मात्र त्याने घेवड्याची तिसरी थाळी मागितली. चेहरा चंद्रासारखा गोल झालेला. झोप येत नाही म्हणाला. असे चेहरे तिने रुग्णालयात पाहिले होते. मध तिने तपासायला नेला. त्यात स्टेरॉइड निघालं. मेंदूची सूज उतरवायला डॉक्टर देतात तेच.

पुढच्या वेळी आजी शिसं ओतत असताना तिने हे भर अंगणात सांगितलं. “मधमाश्यांना विचार,” आजी शांतपणे म्हणाली.

ल्युबोमिरने फडकं काढलं. “म्हणजे मी बरा नाही?”

“सूज उतरलीय, दादा. गाठ वाढतेच आहे. आणि हे औषध एकदम सोडताही येत नाही. डॉक्टरांकडे चल.”

“आजी म्हणते बरा होशील. तू काय म्हणतेस?”

“उपचारांनी थोडा वेळ मिळेल म्हणते. त्याहून जास्त सांगितलं तर माझ्यात नि तिच्यात फरक काय?”

त्याने फडकं खाली ठेवलं. मग उठून तिच्या गाडीत बसला. मागे लाल फडकं दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर गेलं होतं.

म्हणून कुठे चमत्कार दिसला की एवढंच विचारा: सगळ्यांची नजर शिशावर असताना तोंडात काय गेलं?