उधन्याच्या सतरंजीचे दोन तुकडे

मित्रांनो, मी एक जुनी सतरंजी आहे आणि मला पायांची फार किळस येते. सतरंजीनं असं बोलू नये, पण तुम्ही माझ्या जागी असता तर कळलं असतं. भेगाळलेल्या टाचा, मोजे काढल्यावरचा तो वास, तेलकट डोकं टेकून पेंगणारी पोरं. शी!

माझा जन्म धुळ्याकडच्या एका मागावर झाला. निळे-पांढरे पट्टे आणि चौदा हात लांबी. १९९१ साली शैलजाबाईंनी मला सुरतेला, उधना भागातल्या त्यांच्या घरी आणलं. त्या शाळेत शिकवायच्या. दर गुरुवारी संध्याकाळी त्यांच्या पुढच्या खोलीत अभ्यासमंडळ भरायचं. तिथं कोणी गुरू नव्हता. देवाधर्माचा एखादा प्रश्न घ्यायचा आणि ज्याला जे उमगलं ते त्यानं आपल्या अनुभवातून सांगायचं. नियम एकच होता, तोही भिंतीवर लिहिलेला: 'जात-हुद्दा विचारायचा नाही. सगळ्यांनी याच सतरंजीवर बसायचं.' येणारे माझं कौतुक करायचे आणि मी फुगायचे.

मग सुकदेव यायला लागला. तो सुरतेजवळच्या पलसाण्याच्या एका कारखान्यात कापड रंगवायचा. त्याचे पाय घोट्यांपर्यंत जांभळे. कितीही घासून आला तरी घामाबरोबर रंग सुटायचा आणि माझ्या पांढऱ्या पट्ट्यांवर त्याची पावलं उमटायची. हा एकदाचा टळू दे, असं मी मनात म्हणायचे. तो बोलायचा मात्र इतकं छान, की शैलजाबाई ते वहीत लिहून घ्यायच्या.

त्यांचे यजमान अरविंदराव बँकेत होते. त्यांनाही ते डाग खुपायचे, पण नियम भिंतीवर! एका गुरुवारी त्यांनी तोडगा काढला. मोठी कात्री आणली आणि मला मधोमध कापलं. एक तुकडा खोलीत, दुसरा बाहेर ओट्यावर.

"सुकदेवभाऊ, राग मानू नका," ते हसत म्हणाले. "सतरंजी तीच आहे ना? नियम काही मोडला नाही."

आत अकरा जण होते. सगळे आतल्या तुकड्यावर सरकून बसले. शैलजाबाईसुद्धा तिथंच बसल्या. सुकदेव ओट्यावर जाऊन बसला.

त्या दिवशीचा प्रश्न होता, 'देव सगळ्यांत आहे, तर मग किळस कोणाची येते?' आत एकेक जण गोड गोड बोलत होता. शेवटी शैलजाबाईंनी दाराकडे पाहिलं. "भाऊ, तुम्हाला काय वाटतं?"

"ताई, जो रंग मन्हा पायले शे, तोच तुमनी साडीले शे," सुकदेव त्याच्या अहिराणीत म्हणाला. "साडीनी किळस कोणलेच येत नही."

जो शेवटी बोलेल त्यानं सतरंजी गुंडाळायची, अशी मंडळाची रीत होती. सुकदेवनं ओट्यावरचा तुकडा झटकला, नीट गुंडाळला, दाराशी ठेवला आणि गेला.

शैलजाबाईंनी मला दाभणानं शिवलं. त्याला बोलवायला दोनदा त्याच्या खोलीवर जाऊन आल्या. तो आला नाही. माझी शिवण आता बसणाऱ्याला टोचते. जांभळी पावलं धुऊनही निघत नाहीत, आणि ती निघू नयेत असंच मला वाटतं.

मित्रांनो, मला झटका, उन्हात टाका, पाय पुसून बसा. पण कोणाला दूर बसवायला माझ्यावर कात्री चालवू नका. त्या दिवशी मला अरविंदरावांची किळस आली, त्या अकरा जणांची आली आणि सगळ्यांत जास्त माझी स्वतःची आली. सुकदेव टळावा, असं सगळ्यांच्या आधी मलाच वाटलं होतं.