कॅमेरा गरम होईपर्यंत

बर्फावर फोटो काढायला अंतरा दुसऱ्यांदा आली होती. गेल्या वर्षी ओळखीतल्या सिमोनाच्या मुलीचा वाढदिवस याच मॉलमधल्या रिंकवर झाला, तेव्हा तिनं गारठलेला कॅमेरा गळ्यात घालून तसाच बाहेर पार्किंगमध्ये आणला होता. ऑगस्टची दुपार, समुद्रावरून आलेली दमट हवा. क्षणात कॅमेऱ्याला घाम फुटला. लेन्सच्या आत पाणी धरलं आणि महिन्याभरात तिथे बुरशीचं जाळं पसरलं. ती लेन्स गेलीच. तेव्हापासून तिचा नियम होता: बर्फावरचं काम संपलं की तिथल्याच कोरड्या थंडीत कॅमेरा झिपच्या जाड पिशवीत घालायचा, हवा काढून तोंड बंद करायचं, आणि आतला कॅमेरा बाहेरच्या हवेइतका गरम होईपर्यंत पिशवीला हात लावायचा नाही.

हे काम मात्र वाढदिवसाचं नव्हतं. २००२ सालचा ऑगस्ट. एका कतारी कुटुंबानं दुपारभरासाठी अख्खा रिंक घेतला होता. घरातल्या आणि ओळखीतल्या मुलींच्या स्केटिंगच्या शर्यती, शेवटी जवाहिर नावाच्या चौदा वर्षांच्या मुलीचं एकटीचं नृत्य. फक्त बायका. काचांवर काळे पडदे लावलेले, दाराशी दोन बायका पहाऱ्याला. फोटो काढणारीही बाईच हवी होती, म्हणून अंतराला बोलावणं आलं. बायकांच्या मेंदी-साखरपुड्यांचे फोटो ती काढत असे. बिन महमूद भागातल्या फ्लॅटमध्ये दिवसभर बसून करायचं काय, म्हणून सुरू झालेलं काम. परवाना वगैरे काही नव्हता. नवरा देवव्रत गॅस कंपनीत इंजिनियर, मुलगा इथल्याच शाळेत, तिचा व्हिसा त्याच्या नोकरीवर. "एक तक्रार गेली ना, तर आपल्या सगळ्यांनाच नाशिकचं तिकीट हातात देतील," असं तो अधूनमधून म्हणायचा. आजचं काम तिनं त्याला सांगितलंच नव्हतं.

सगळी व्यवस्था जवाहिरच्या मावशीकडे होती. मैमुना तिचं नाव. पन्नाशीची, उंच, मुलींच्या शाळेत बरीच वर्षं शिकवलेली. इंग्रजी चांगलं, हिंदीही बऱ्यापैकी. सुरुवातीलाच तिनं आपल्या पर्समधून फिल्मचे पाच रोल काढून अंतराच्या हातावर एकेक करून ठेवले.

"रोल माझे. संपले की माझ्याकडे. धुवायला मी नेणार, बायकांच्या लॅबमध्ये."

"हो मॅडम."

"आणि ही कोण?"

"रोझमेरी. माझी मैत्रीण. फ्लॅश धरते."

रोझमेरी मूळची वसईची, इथे एका दवाखान्यात रिसेप्शनला. सुट्टीच्या दिवशी अंतराबरोबर यायची, तेवढाच बदल म्हणून. तिनं हसून मान हलवली. मैमुना हसली नाही.

काम चांगलं झालं. बोटं उघडी ठेवलेले हातमोजे घालून अंतरा कठड्याशी वाकली, गुडघ्यांवर बसली, पोटावर झोपली. मुली वळणावर तिरक्या होत, बुटांच्या पात्यांखालून बर्फाचा चुरा उडे. फिल्म भरताना बोटं बधिर होत होती. संपलेला रोल ती मागे न बघता रोझमेरीकडे द्यायची आणि नवा घ्यायची. रोझमेरी संपलेले रोल बाकावरच्या कापडी थैलीत टाकत होती. जवाहिरनं शेवटची गिरकी घेतली, हात वर केले, बायकांनी जिभा फिरवून हर्षाचा कल्लोळ केला. अंतरानं बटण दाबलं, तेवढा फोटो निघाला आणि कॅमेरा गप्प झाला. सेल थंडीनं बसला होता. खिशातला जास्तीचा सेल तिनं आधीच वापरला होता.

आतला रोल मोटरशिवाय गुंडाळला जाणार नव्हता, आणि न गुंडाळता झाकण उघडलं असतं तर उजेडानं सगळं नृत्य पुसून गेलं असतं. गरम झाला की सेल थोडा वेळ तरी जिवंत होतो, हे तिला माहीत होतं. तिनं तिथेच कॅमेरा पिशवीत घालून तोंड बंद केलं. तेवढ्यात पडदे काढणारी माणसं यायची वेळ झाली, म्हणून पहाऱ्याच्या बायका घाई करू लागल्या: "यल्ला, यल्ला!"

बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये मैमुनानं हात पुढे केला. "रोल."

रोझमेरीनं थैली दिली. मैमुनानं आत पाहिलं. "तीन."

"एक कॅमेऱ्यात आहे, मॅडम," अंतरा म्हणाली.

"मग काढ."

अंतरानं सगळं समजावून सांगितलं. सेल, मोटर, थंडी, दमट हवा. मैमुना ऐकताना तिच्या तोंडाकडे नाही, पिशवीकडे बघत होती.

"म्हणजे माझ्या भाचीचे फोटो तुझ्या कॅमेऱ्यात आहेत, आणि तू कॅमेरा उघडणार नाहीस."

"आत्ता नाही. गरम झाल्यावर."

"आणि तोवर तो तुझ्या घरी."

"तसं नाही म्हणाले मी."

"तीन आणि एक, चार. पाचवा कुठे आहे?"

अंतरानं रोझमेरीकडे पाहिलं. "अगं, पाचवा?"

"तू दिलेस तेवढे थैलीत टाकले," रोझमेरी मराठीतच म्हणाली. "मी कुठे मोजत बसले? नवे संपले होते एवढं खरं."

"मग थैलीत चार हवेत ना."

"मला काय विचारतेस? खाली पडला असेल."

"काय बोलताय?" मैमुनाचा आवाज चढला. "मला समजेल अशा भाषेत बोला."

पहाऱ्यावरची एक बाई आत जाऊन बाक, कठडा, कचऱ्याचा डबा बघून आली. रोल नव्हता. बर्फ सारखा करणारं यंत्र आत फिरायला लागलं होतं, तिथल्या कोरड्या हवेत पिशवी उघडून सेल हातानं गरम करून बघायचीही सोय उरली नाही.

"ठीक आहे," मैमुना म्हणाली. "तुम्ही दोघी माझ्या घरी चला. तो गरम होऊ दे, माझ्या डोळ्यांसमोर."

नाही म्हणायची अंतराला हिंमत झाली नाही. नाही म्हटलं असतं तर संशय खराच ठरला असता.

खलील नावाचा ड्रायव्हर गाडी घेऊन दाराशीच उभा होता. काचा काळ्या. मैमुना पुढे बसली, या दोघी मागे. मांडीवरची पिशवी अंतरानं दोन्ही हातांनी धरली होती. बाहेर पडल्यापासून पिशवीवर दव जमत होतं, थेंब ओघळून तिच्या कमीजवर पडत होते. हे रस्ते तिच्या ओळखीचे नव्हते. ही बाई खरंच घरी नेतेय की पोलीस ठाण्यात? तिनं रोझमेरीकडे चोरून पाहिलं. रोझमेरी पर्स पोटाशी धरून खिडकीबाहेर बघत होती.

पर्स इतकी घट्ट का धरलीय?

हा विचार आला आणि अंतराला स्वतःचीच लाज वाटली. पण तो गेला नाही. मध्ये एकदा रोझमेरी बाथरूमला जाऊन आली होती, बराच वेळ लावून. थैली तिच्याकडेच होती. तिच्या दवाखान्याच्या शेजारीच एक फोटोचं दुकान होतं, तिथल्या माणसाशी ती गप्पा मारत उभी असायची. असं एकेक आठवायला लागलं.

फोन वाजला. देवव्रत.

"कुठे आहेस?"

"मॉलमध्ये. रोझमेरीबरोबर. येते तासाभरात."

तिनं फोन ठेवला तसं मैमुनानं मागे वळून विचारलं, "नवरा? काय सांगितलंस त्याला?"

"उशीर होईल म्हणून."

"मी 'मॉल' एवढा शब्द ऐकला," मैमुना म्हणाली आणि पुन्हा समोर बघू लागली.

घराची बायकांची बैठक मोठी होती, भिंतीला लागून गाद्या, मध्ये काचेचं बुटकं टेबल. एसी असा सोडलेला की अंगावर काटा आला. मैमुनानं पिशवी टेबलावर ठेवायला लावली.

"मॅडम, एसी बंद केला तर बरं. इथे तो गरमच होणार नाही."

"उष्णतेनं फिल्म खराब होते, हे मलाही कळतं."

"एवढ्यानं नाही होत. खरंच."

मैमुनानं खूप वेळ तिच्याकडे रोखून पाहिलं. मग उठून एसी बंद केला. तिघी त्या पिशवीभोवती बसल्या. नोकराणीनं कहवा आणून ठेवला, तो कुणी घेतला नाही. हळूहळू खोली तापली. रोझमेरीच्या कपाळावर घाम आला. मैमुनानं बोट पुढे करून पिशवीवरचं पाणी निपटलं, बोट पाहिलं.

"हे पाणी आतून आलं?"

"बाहेरून. हवेतलं. पिशवी नसती तर हे सगळं कॅमेऱ्यावर बसलं असतं."

मैमुनानं बोट रुमालाला पुसलं. मग आपण होऊन बोलू लागली, बोलताना नजर पिशवीवरच. "माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात एक फोटोवाली होती. तीन महिन्यांनी बहिणीचा फोटो एका माणसाच्या हातात सापडला. उघड्या केसांचा. कुठून गेला, कुणी दिला, काहीच कळलं नाही. तिच्या सासरी फार झालं. बहिणीनं पुढे कधी कुणाला फोटो काढू दिला नाही. ही जवाहिर तिचीच मुलगी." ती थांबली. "त्या फोटोवालीचा चेहरा साधा होता. तुझ्यासारखा."

आता तो पाचवा रोल सापडलाच पाहिजे होता. नाहीतर ही बाई फोन उचलेल, आणि मग देवव्रतची नोकरी, मुलाची शाळा, घर, सगळं. अंतरा रोझमेरीकडे वळली आणि मराठीत, हळू आवाजात म्हणाली, "रोझ, तुझी पर्स दाखव."

"काय?"

"एकदा उघडून दाखव. चुकून पडला असेल आत."

"चुकून?" रोझमेरीचा चेहरा उतरला. "की मी घेतला?"

"मी असं म्हणाले का? तिची खात्री होईल, बस."

"तिनं कुठे मागितली पर्स? तू मागतेयस."

नाही, माझा विश्वास आहे, असं अंतराला त्याच क्षणी म्हणता आलं असतं. ते तिच्या तोंडून निघालं नाही. रोझमेरीनं पर्स उघडली आणि काचेवर उलटी केली. फणी, रोझरीची माळ, डोकेदुखीच्या गोळ्या, बिस्किटांचा अर्धा पुडा, मुलाचा पासपोर्टचा फोटो. आणि रबरबँड लावलेल्या छोट्या पांढऱ्या पुड्या, बुटांच्या खोक्यात ओल शोषायला ठेवतात तशा.

"या तुझ्यासाठी," रोझमेरी म्हणाली. "कॅमेऱ्याच्या पिशवीत टाकायला. दवाखान्यात औषधांच्या खोक्यांत येतात, त्या जमवत होते. सकाळी द्यायच्या राहिल्या."

मैमुना हे सगळं बघत होती. मराठी तिला कळत नव्हतं, पण काय चाललंय ते कळायला भाषा लागत नव्हती.

शेवटी पिशवीवरचं दव सुकलं. अंतरानं बाहेरून हात लावून पाहिलं. आता गार लागत नव्हतं. तिनं तोंड उघडून कॅमेरा काढला. कोरडा होता. लेन्स स्वच्छ. तिनं रोल गुंडाळायचं बटण दाबलं. काही झालं नाही. सेल काढून तिनं तळहातात चोळला, परत घातला, पुन्हा दाबलं. मोटर कण्हत कण्हत सुरू झाली. तो आवाज थांबेपर्यंत तिघींपैकी कुणी हललं नाही. झाकण उघडून तिनं रोल मैमुनाच्या हातावर ठेवला.

"पाचव्याचं मला खरंच माहीत नाही, मॅडम."

मैमुनानं आपली पर्स जवळ ओढली, आतून एक रोल काढला आणि चौथ्याशेजारी ठेवला.

"शर्यती चालू असताना मी थैलीतून उचलला होता," ती शांतपणे म्हणाली. "कमी पडला तर तू काय करतेस ते बघायचं होतं. गप्प बसतेस, की दुसरा आणून ठेवतेस, की रोलबद्दल खोटं बोलतेस. तू यातलं काही केलं नाहीस. मला माफ कर, पण मला खात्री हवी होती. पुढच्या महिन्यात आमच्याकडे साखरपुडा आहे. तू ये."

अंतराला राग यायला हवा होता, आलाही, पण तो मैमुनापर्यंत पोचेना. शेजारी रोझमेरी टेबलावरच्या वस्तू एकेक करून पर्समध्ये भरत होती. पांढऱ्या पुड्या तिनं तेवढ्या टेबलावर ठेवल्या.

खलीलनं दोघींना सोडलं. आधी नजमा भागात, रोझमेरीच्या घरी. वाटेत अंतरा दोनदा "रोझ" म्हणाली. दुसऱ्यांदा रोझमेरी म्हणाली, "ड्रायव्हरसमोर नको."

त्या रात्री अंतरानं देवव्रतला सगळं सांगितलं. तो चिडला, ओरडला, मग म्हणाला, "ती कतारी बाई जाऊ दे. रोझमेरीकडे जाऊन ये आधी."

शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, रोझमेरी प्रार्थनेहून परत यायच्या सुमाराला अंतरा तिच्या दारात उभी होती. रोझमेरीनं आत घेतलं, चहा केला. मुलगा टीव्ही बघत होता, त्याला दुसऱ्या खोलीत पाठवलं. अंतरानं माफी मागितली. घाबरले होते म्हणाली, देवव्रतच्या नोकरीचं सांगितलं. रोझमेरीनं सगळं ऐकून घेतलं.

"मैमुना मला ओळखत नव्हती. तिनं माझी झडती घेतली असती तरी मला काही वाटलं नसतं," ती म्हणाली. "तू सहा वर्षं ओळखतेस."

"चुकले गं."

"माहीत आहे. मी धरून नाही बसणार. नाताळला ये, गणपतीला मी येईन. पण कामाला मला बोलावू नकोस. तू मागे हात करून रोल मागशील, आणि मी देताना विचार करीन, आता ही काय समजतेय. त्यात मन लागायचं नाही माझं."

अंतरानं मान हलवली. चहा संपवून ती खाली आली. रस्त्यावर दुपारचं ऊन भाजत होतं. बिन महमूदपर्यंतचं अंतर तसं फार नव्हतं. टॅक्सी न करता ती चालत निघाली.

मैमुनाकडच्या साखरपुड्याला ती गेली नाही. एका महिन्यानंतर जवाहिरचा एक फोटो मात्र खलील घरी घेऊन आला, बंद पाकिटात. तिचे दोन्ही हात वर, मागे काळा पडदा, आणि पायाशी उडालेल्या बर्फाचा कणन्‌कण स्पष्ट. फोटो उत्तम आला होता. अंतरानं तो बराच वेळ बघितला, मग पाकीट पुन्हा चिकटवून, खाली गाडीपाशी थांबलेल्या खलीलला बोलावून म्हणाली, "हा मॅडमना परत दे. त्यांच्या घरातला फोटो माझ्या घरी नको."