टिटवी काट्यावर चढत नाही

बारा वर्षांची असताना टिटवीने शंभर मीटर तेरा पॉइंट चार सेकंदांत काढले होते. धावण्याच्या क्लबच्या खोलीतल्या फळ्यावर, मुलींना शिकवणाऱ्या मॅडमनी स्वतःच्या हाताने तो आकडा लिहिला आणि मुलींना म्हणाल्या, "बघून ठेवा. ही पुढे जाणार." टिटवी हे नाव तिच्या बाबाने ठेवलेलं. पाय लांब आणि काटकुळे, आणि एका जागी उभं राहायचं म्हटलं की जिवावर यायचं. क्लबातही तेच नाव चिकटलं.

पुढच्या दोन वर्षांत ती चार बोटं उंच झाली. अंग भरलं, कंबर रुंदावली, पाळी सुरू झाली. आणि वेळ मात्र उलटी चालायला लागली. आधी तेरा पॉइंट सहा, मग सात, आणि चौदावं सरता सरता तेरा पॉइंट नऊ. स्टार्टला ती पाय टेकवायच्या ब्लॉकमधून निघायची तेव्हा आपले पाय दुसऱ्याच कुणाचे तरी आहेत असं तिला वाटायचं. गुडघे नको तिथे यायचे, हात उशिरा पोहोचायचे.

मॅडम स्वतः एकेकाळच्या धावपटू. बारीक, ताठ, पहाटे सगळ्यांच्या आधी मैदानावर हजर. मुली त्यांना घाबरायच्या, पण त्यांचा एक शब्द कौतुकाचा मिळाला तर दिवसभर हवेत असायच्या. त्यांनी त्या वर्षी एक वजनकाटा आणला आणि सामानाच्या खोलीत, अडथळ्यांच्या ढिगाशेजारी ठेवला. दर शनिवारी पहिल्या गटातल्या सगळ्या मुलींनी त्यावर उभं राहायचं. आकडा मोठ्याने वाचला जायचा.

"तीन किलो जास्त," मॅडम टिटवीला म्हणाल्या. "तू तीन किलोचं दगडाचं गाठोडं पाठीवर घेऊन पळतेयस. महिनाभरात उतरव. नाहीतर पहिल्या गटात जागा नाही."

मागे उभ्या असलेल्या मुलींपैकी कुणी हसलं नाही. प्रत्येकीला आपला नंबर यायचा होता.

टिटवीने मनावर घेतलं. डबा शाळेत वाटून टाकायला लागली. रात्री "पोट दुखतंय" म्हणून अर्ध्या ताटावरून उठायची. तिची मैत्रीण काडी, जी आधीच नावासारखी होती, तिनेही तेच चालवलं होतं. दोघी पाणी पिऊन पोट भरायच्या आणि न खाता कोणी किती वेळ काढला याची शर्यत लावायच्या. दुसऱ्या आठवड्यात टिटवीला वर्गात फळ्यावरची अक्षरं पोहताना दिसली. त्या संध्याकाळी तिची वेळ चौदा पॉइंट एक आली.

"वजन कमी होतंय, मग वेळ का वाढतेय?" तिने विचारलं.

"अजून पुरेसं कमी झालेलं नाही म्हणून," मॅडम म्हणाल्या.

टिटवीच्या आईचं कपडे दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. चेन बदलणं, पँटी आखूड करणं, सैल कपडा घट्ट आणि घट्ट कपडा सैल. शुक्रवारी रात्री जेवणं आटोपल्यावर तिने टिटवीची शर्यतीची चड्डी उसवायला घेतली. बाजूला पट्टी घालून दोन बोटं वाढवायची होती.

"नको वाढवूस," टिटवी म्हणाली.

"काचतेय ना मांडीला? वळ बघ केवढे उठलेत."

"राहू दे. महिनाभरात मी मावेन त्यात."

आईच्या हातातली कात्री थांबली. तिने लेकीकडे नीट बघितलं; गालांकडे, मनगटांकडे, डोळ्यांखालच्या सावल्यांकडे. मग उठली आणि दोन अंडी फोडून तव्यावर टाकली, शेजारी पाव भाजला, ताट टिटवीसमोर ठेवलं.

"आता सांग," आई म्हणाली. "खाता खाता सांग."

टिटवीने सगळं सांगितलं. काटा, आकडा, गाठोडं. बाबा तोपर्यंत दारात येऊन उभा राहिला होता. तो लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा, अंगावर अजून ग्रीसचा वास होता. त्याचा चेहरा लाल झाला. "उद्या मी येतो तुझ्या त्या मॅडमकडे. दोन शब्द सुनावतो."

"नको," टिटवी म्हणाली. तोंडात घास होता, तो गिळून पुन्हा म्हणाली, "नको. माझ्या अंगाबद्दल आहे ना? मग मीच बोलणार."

शनिवारी ती रांगेत उभी राहिली. नंबर आला तेव्हा काट्यापाशी गेली आणि थांबली.

"चढ," मॅडम म्हणाल्या. त्यांचं लक्ष वहीत होतं.

"मी नाही चढणार."

मॅडमनी मान वर केली. "बरं नाहीये का तुला?"

"बरी आहे. पण वजन करणार नाही. तुम्ही माझी वेळ घ्या, हवी तितकी घ्या. किती किलोची आहे ते नका घेऊ."

"टिटवी, हा क्लबचा नियम आहे."

"मागच्या वर्षी नव्हता."

कुणीतरी श्वास आत ओढल्याचं ऐकू आलं. मॅडमचा आवाज चढला नाही. त्या चिडल्या की उलट हळू बोलायच्या. "मग तू पहिल्या गटात नाहीस. दुसऱ्यातही नाहीस. माझ्या वेळेत या मैदानावर येऊ नकोस."

"तुमच्या वेळेत नाही येणार," टिटवी म्हणाली. ती वळली आणि बाहेर चालत गेली. फाटकाबाहेर गेल्यावर मात्र भिंतीला टेकून भरपूर रडली.

मैदान होतं पालिकेचं. सकाळी दीड तास ते सगळ्यांसाठी खुलं असायचं. तेव्हा निवृत्त झालेली माणसं बाहेरच्या लेनमधून गप्पा मारत चालायची, कुणी तब्येतीसाठी, कुणी घरातून सुटका म्हणून. सोमवारपासून टिटवी तिथे जायला लागली. बाबा सोबत. त्याच्याकडे वेळ घ्यायचं काम दिलं होतं आणि त्या कामात तो अगदीच बिनकामाचा निघाला. फोनवर घड्याळ सुरू करायचा आणि ती पळायला लागली की तिच्याकडेच बघत राहायचा. एकदा वेळ आली नऊ पॉइंट दोन, एकदा एकवीस.

"नऊ पॉइंट दोन म्हणजे मी जगातली सगळ्यात वेगवान बाई झाले," टिटवी म्हणाली.

"मग त्यात बिघडलं काय?" बाबा म्हणाला.

ब्लॉक क्लबच्या कुलपात होते. म्हणून बाबा तिच्या मागे खाली बसायचा आणि आपले कामाचे जाड बूट तिच्या टाचांमागे रोवून धरायचा. ती त्यांना रेटा देऊन निघायची. पहिले काही दिवस दोघंही आडवी झाली. चालणारी माणसं थांबून बघायची आणि सल्ले द्यायची, एकाचा दुसऱ्याशी मेळ नसलेले. टिटवी ते ऐकून घ्यायची आणि आपलंच करायची. पोटभर खाऊन यायची, घरी जाऊन पुन्हा खायची. हळूहळू तिला कळायला लागलं की जुना स्टार्ट जुन्या अंगाचा होता. आता पाय थोडे मागे ठेवायला हवे होते, पहिलं पाऊल लांब टाकायला हवं होतं. मांड्यांमध्ये जी ताकद आली होती ती शेवटच्या तीस मीटरला जाणवायची. तिथे पूर्वी ती ढेपाळायची. आता कुणीतरी पाठीवर हात ठेवून पुढे ढकलतंय असं वाटायचं.

तिसऱ्या आठवड्यात क्लबच्या सरावात काडी वळणावर कोसळली. नुसता तोल गेला असता तर उठली असती. ती उठली नाही. दवाखान्यात सलाइन लागली. दोन दिवसांनी ती सकाळी खुल्या वेळेत आली, बाहेरच्या लेनच्या कडेला गवतावर बसली आणि म्हणाली, "पळायचं नाहीये मला अजून. डॉक्टर नको म्हणालेत. नुसती बसू का?"

"बस," टिटवी म्हणाली आणि बाबाचा फोन तिच्या हातात दिला. त्या दिवसापासून वेळा खऱ्या यायला लागल्या.

मग क्लबातली आणखी एक आली, मग आणखी दोघी. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. शनिवारी त्यांनी पोट बिघडल्याची कारणं मॅडमना कळवली. एकाच दिवशी तिघींचं पोट का बिघडलं हे समजायला मॅडमना कोडं सोडवायची गरज नव्हती.

आंतरक्लब स्पर्धेत टिटवीने स्वतंत्र म्हणून नाव घातलं. अंगावर क्लबचा रंग नव्हता. आईने शिवलेली साधी राखाडी बनियन होती. तिला सातवी लेन मिळाली. बार झाला. पहिल्या वीस मीटरला ती मागेच होती आणि तिला ते माहीत होतं. घाबरली नाही. साठनंतर पाय मोकळे झाले, एकेक खांदा मागे पडायला लागला. चौथी आली. यंत्रावर वेळ आली तेरा पॉइंट सात.

बारा वर्षांची असतानाच्या वेळेपेक्षा अजूनही तीन दशांश जास्तच. पण टिटवी कंबरेवर हात ठेवून बोर्डाकडे बघत उभी राहिली आणि तिला असं वाटलं की हा पहिला आकडा तिचा स्वतःचा आहे.

मॅडम कठड्यापलीकडे होत्या. त्या जवळ आल्या. "कोण शिकवतंय तुला?"

"कुणी नाही."

"परत ये क्लबात."

"काटा असेपर्यंत नाही."

मॅडमनी जवळपास कुणी नाही हे पाहून घेतलं. "मी तुझ्या वयाची असताना माझ्या सरांनी मलाही असंच काट्यावर उभं केलं होतं," त्या म्हणाल्या. "मी उतरवलं वजन. राज्यात दुसरी आले."

"आणि मग?"

"मग काय."

"मग तुम्ही किती वर्षं पळलात, मॅडम?"

मॅडमनी बोर्डाकडे बघितलं. "सतराव्या वर्षी नडगीचं हाड चिरलं. नीट जुळलंच नाही."

टिटवीला वाईट वाटलं, खरोखर वाटलं. पण ती मागे हटली नाही. "मला सत्तावीस वर्षांची होऊनही पळायचंय," ती म्हणाली.

मॅडम निघून गेल्या.

त्यानंतरच्या बुधवारी, खुल्या वेळेत, त्या बाहेरच्या लेनवर आल्या. गळ्यात शिट्टी नव्हती. काडीने फोन पाठीमागे धरला, जणू चोरी पकडली गेली होती.

"शनिवारचं वजन बंद केलंय," मॅडम सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "पालकांना तसं कळवलंय. काडी, डॉक्टर हो म्हणाले की मगच पळायचं. तोवर मला विचारायचंही नाही." माफी त्यांनी मागितली नाही, आणि ती मागतील अशी कुणाची अपेक्षाही नव्हती. मग त्या टिटवीकडे वळल्या. "तुझी कंबर स्टार्टला फार लवकर वर येते. तिथे दोन दशांश सांडतायत. ये, दाखवते."

टिटवी लेनमध्ये खाली वाकलेली होती, मागे बाबा बूट रोवून बसला होता. तिने मान वळवून मॅडमकडे बघितलं.

"माहीत आहे," ती म्हणाली. "बघायचंय मला. पण थोडं थांबा, माझ्या अजून दोन धावा बाकी आहेत."

मॅडम बाजूला झाल्या, गवतावर काडीशेजारी जाऊन बसल्या, आणि टिटवीने पुढे बघितलं.