बोगद्याची सातवी खोली

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि एक खोली मनात आणा. घराच्या मागच्या बाजूची, लहानशी, एकाच खिडकीची. भिंतीवर फळ्या ठोकल्यात आणि फळ्यांवर जुने घरगुती संगणक ओळीने बसलेत. तुमचे आईबाबा तुमच्याएवढे होते तेव्हाचे. त्यांना स्वतःचा पडदा नाही, माऊस नाही. जाडजूड कीबोर्ड दिसतो ना, तोच अख्खा संगणक. त्याची वायर टीव्हीला जोडायची, शेजारी कॅसेटचा टेपरेकॉर्डर ठेवायचा आणि संगणकाला खेळ ऐकवायचा. हो, ऐकवायचाच. तेव्हा खेळ कॅसेटवर मावत. टेपरेकॉर्डर शंभर रातकिड्यांसारखा किरकिरायचा, संगणक कान देऊन ऐकायचा, टीव्हीच्या कडेने रंगीत पट्टे नाचायचे, आणि पाचेक मिनिटांनी खेळ सुरू व्हायचा. मध्येच कुणाचा टेबलाला धक्का लागला, तर पुन्हा पहिल्यापासून.

दिसली खोली? आता तिच्यात दहा वर्षांची एक मुलगी उभी करा. घरात तिला पक्कड म्हणत, कारण एखादा प्रश्न तिने धरला की सोडायची नाही. खोली तिच्या बाबांची. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. आठवडाभर लोकांच्या इमारतींमध्ये वरखाली करायचं आणि शनिवार-रविवार या खोलीत बसायचं. पक्कडची आई दवाखान्यात परिचारिका होती. ती दारातूनच डोकवायची.

"आणखी एक डबडं आलं ना, तर बाहेर कोण झोपणार ते आत्ताच ठरवून टाक," ती बाबांना म्हणायची.

"तू झोप की आत. तुला यांची सोबत होईल."

"सोबत! तुझ्यापेक्षा बरी. निदान बटण दाबलं की गप्प बसतात."

पक्कडला तिथे सगळ्याला हात लावायची परवानगी होती. फक्त आधी विचारायचं. बाबांनी तिला स्क्रू पेल्यात कसे ठेवायचे ते शिकवलं, धूळ ब्रशने कशी झाडायची ते शिकवलं. आणि इम्युलेटर म्हणजे काय तेही सांगितलं होतं. "नव्या संगणकाच्या पोटात जुन्या संगणकाचं सोंग," बाबा म्हणाले होते. "एकदा कॅसेटवरचा आवाज लॅपटॉपवर उतरवून घेतला, की हे सोंगाडं तो खेळ कायम चालवतं. मग कॅसेट विरली तरी चालेल. पण उतरवायच्या आधी विरली, तर हातात काहीच नाही."

त्या वसंतात आजीने कॅसेट पाठवली.

आजी म्हणजे बाबांची आई. दुसऱ्या गावात एकटी राहायची. तिच्या शिवणाच्या डब्यात, बटणांच्या खाली, ती कॅसेट इतकी वर्षं होती. वर निळ्या पेनाने, वळणदार अक्षरात लिहिलं होतं: बोगदा. अक्षर आत्याचं. ही आत्या पक्कडने फक्त फोटोत पाहिली होती. बाबांपेक्षा सात वर्षांनी मोठी; चौदाव्या वर्षी घरच्या संगणकावर स्वतः खेळ लिहायची, आणि पंधराव्या वर्षी आजारपणात गेली. ती गेल्यावर आजोबांनी संगणक कुणाला तरी देऊन टाकला.

बाबांनी कॅसेट हातात घेतली आणि उलटसुलट करून पाहिली. पक्कडने दोनदा "काय आहे त्यात?" विचारलं, तेव्हा कुठे तोंड उघडलं.

"बोगदा आहे. काळा पडदा, हिरव्या भिंती, आणि एक चांदणी. ती चांदणी म्हणजे मी. सात खोल्या होत्या. प्रत्येक दाराशी ताईने एकेक कोडं घातलं होतं. मी पाचव्यापर्यंत पोचलो होतो."

"आणि सातव्यात काय होतं?"

"ते तिने सांगितलं नाही. म्हणाली, तुझ्यासाठी काहीतरी ठेवलंय. मी रडलो, पाय आपटले. तर म्हणते, आत्ताच सांगितलं तर खेळणार कोण? ये की पोचून." बाबा हसले, पण ते हसू ओठांच्या पुढे गेलं नाही. "मग ती आजारी पडली. मग संगणकच गेला. पस्तीस वर्षं मी पाचव्या खोलीत उभा आहे."

पक्कडने हा प्रश्न धरला, आणि तिची पकड तुम्हाला माहीतच आहे. सातव्या खोलीत काय? ती शाळेच्या वहीत बोगदे काढू लागली. आईला विचारलं तर ती म्हणाली, "काय असणार? अभ्यास कर असं लिहिलेलं असेल." पण हे म्हणताना आईसुद्धा दारात थांबली, आत आली आणि कॅसेटवरचं अक्षर वाकून बघून गेली.

टेपरेकॉर्डरचा रबरी पट्टा विरघळून डांबरासारखा झाला होता. बाबांनी नवा मागवला. तोवर कॅसेट कुठेच वाजवायची नाही, असा त्यांचा हुकूम होता. इतकी जुनी टेप एकदा धड वाजली तरी नशीब. ती एकदा वाजेल तेव्हा एक वायर संगणकाला आणि एक लॅपटॉपला, दोन्हीकडे एकदम. शुक्रवारी संध्याकाळी पट्टा आला. बाबांनी तो बसवला, आतले भाग पुसले, कॅसेट आत घालून झाकण लावलं, दोन्ही वायरी जोडल्या. आणि थांबले.

"चला ना, लावू या!" पक्कड म्हणाली.

"उद्या सकाळी. नऊ वाजता आजी फोनवर असेल. सगळे मिळून लावू."

"आत्ता फक्त उतरवून तरी घ्या ना. खेळू उद्या."

बाबा टेपरेकॉर्डरच्या झाकणावर तळहात ठेवून उभे राहिले. मग त्यांनी टीव्ही लावून पाहिला. तोही जुना, मागे मोठं टेंगूळ असलेला. पडद्याच्या कोपऱ्यात जांभळा डाग पडला होता. शेजारी स्पीकर राहिला की त्याच्या आतल्या चुंबकाने अशा टीव्हीवर डाग पडतात.

"हे काय आता मध्येच," बाबा पुटपुटले. "ताईच्या भिंती हिरव्यागार होत्या. हा डाग उद्या सकाळी काढतो."

डाग काढायला त्यांच्याकडे एक रिंग होती. ताटाएवढी, काळ्या चिकटपट्टीने गुंडाळलेली तारेची रिंग. ती प्लगला लावायची, बटण दाबायचं, पडद्यासमोर गोल गोल फिरवायची, आणि बटण न सोडता, फिरवत फिरवतच हळूहळू मागे यायचं. पडद्याला चिकटलेलं चुंबकपण ती पुसून टाकते. बाबांनी पक्कडला हे शिकवलं होतं, तिच्याकडून तीनदा करून घेतलं होतं. "तुझा हात माझ्यापेक्षा सावकाश फिरतो. छान," असंही म्हणाले होते. आणि एक नियम घोकून घेतला होता: हातातलं घड्याळ काढायचं, आणि कॅसेटी सगळ्या खोलीबाहेर. कारण कॅसेटवर जे लिहिलेलं असतं ते चुंबकानेच लिहिलेलं असतं, आणि रिंगला पडदा कुठला नि कॅसेट कुठली, ते कळत नाही.

शनिवारी पक्कड सगळ्यांच्या आधी उठली. आई पहाटेच कामावर गेली होती, बाबा झोपले होते. खिडकीतून ऊन टेबलावर आलं होतं. तिच्या मनात आलं, डाग आपणच काढू. बाबा उठतील आणि बघतील तर पडदा चकचकीत.

तिने सगळं शिकवल्याप्रमाणे केलं. आधी विचारायचं तेवढं सोडून. पण विचारलं तर गंमत काय राहणार? तिने घड्याळ काढलं आणि स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं. कॅसेटींचा खोका उचलला. जड होता, दोनदा खाली ठेवावा लागला. तो तिने पार बाहेरच्या दारापाशी नेला. परत येऊन फळ्यांवरून नजर फिरवली. एक चुकार कॅसेट पुस्तकामागे सापडली, तीही बाहेर नेली. सापडली म्हणून स्वतःवर खूशही झाली. मग रिंग लावली, बटण दाबलं. रिंग हातात मधमाशांसारखी गुणगुणायला लागली. पडद्यावर रंग लाटांसारखे हलले. गोल, गोल, सावकाश. मग ती मागे येऊ लागली. मागे स्टूल होतं, म्हणून टेबलाच्या कडेने जरा डावीकडून आली. भिंतीला पाठ टेकेपर्यंत आली आणि मग बटण सोडलं. डाग गेला होता. पडदा स्वच्छ झाला होता. तिने रिंग फळीवर ठेवली आणि खोका परत जागेवर आणला.

डावीकडे, टीव्हीपासून वीतभर अंतरावर, टेपरेकॉर्डर होता. त्याचं झाकण बंद होतं.

नऊला बाबा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून आले. पक्कडला हसू आवरेना.

"अगं, डाग गेला की!" टीव्ही लावताच बाबा म्हणाले. "रात्रीत आपोआप. चांगलं लक्षण आहे हं." पक्कडने ओठ घट्ट मिटून घेतले. सातवी खोली आली की सांगायचं, असं तिने ठरवलं होतं.

फोनवर आजी आली. तिला कमी ऐकू यायचं, म्हणून ती ओरडायची. "लागलं का रे? मला काही ऐकू येत नाहीये!"

"आई, अजून लावलंच नाहीये. थांब जरा."

बाबांनी संगणकावर लोड असा हुकूम टाइप केला आणि टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं. नवा पट्टा गुळगुळीत फिरू लागला. शूं असा बारीक आवाज आला. बाबांनी बोट वर केलं: आता येईल. प्रत्येक कॅसेटच्या सुरुवातीला थोडी कोरी जागा असतेच. पक्कडने मनात वीस अंक मोजले. मग चाळीस. टीव्हीच्या कडा तशाच राहिल्या, एकही पट्टा नाचला नाही. बाबांनी आवाज मोठा केला. शूं मोठं झालं, एवढंच.

"आता ऐकू येतंय!" आजी ओरडली. "पावसासारखं येतंय. तेच ना?"

बाबांनी टेप पुढे घेतली, लावली. पुन्हा पुढे घेतली. उलटी बाजू लावली. शेवटी एका बाजूने सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळी ऐकली, डोकं टेबलाला टेकवून. एक किरकिर नाही.

पक्कडची नजर तेव्हा सहज टीव्हीवरून टेपरेकॉर्डरवर गेली. वीतभर. मग झाकणावर गेली. आणि तिथेच अडकली. तिने खोका बाहेर नेला होता. पुस्तकामागची कॅसेट नेली होती. जी खोक्यात नव्हतीच, ती तिला दिसलीच नव्हती.

"आई," बाबा फोनवर म्हणाले, आवाज कोरडा होता, "त्या शिवणाच्या डब्यात आणखी काय काय असायचं?"

"काय असणार? बटणं, दोरे, सुया. आणि सांडलेल्या सुया उचलायचं ते लोहचुंबक."

"लोहचुंबक. कॅसेटच्या शेजारी. पस्तीस वर्षं."

"म्हणजे रे काय झालं?"

"पुसलं गेलं, आई. सगळं. लोहचुंबकाने कॅसेट पुसली जाते. किती वेळा सांगितलं असेल मी तुला, तिच्या वस्तू माझ्याकडे दे, माझ्याकडे दे. नाही दिल्यास."

पलीकडून मग आजी हळू बोलली. ती हळूही बोलू शकते हे पक्कडला माहीत नव्हतं.

"मला काय माहीत रे. तिचं एवढंच राहिलं होतं. सारखं हाताशी असावं म्हणून ठेवलं त्यात." आणि थोड्या वेळाने, "मीच पुसलं म्हणजे."

बाबा नाही म्हणाले नाहीत. फोन बंद झाला.

पक्कडला ठाऊक होतं. बाबांनीच तिला एकदा दाखवलं होतं: साधं लोहचुंबक कॅसेटला उंदरासारखं कुरतडतं. इथे खातं, तिथे सोडतं, मध्ये तुकडे उरतात. सगळी टेप या टोकापासून त्या टोकापर्यंत कोरी करायची, तर रिंगच लागते. तीही सावकाश फिरवलेली, आणि नीट मागे आणलेली. बाबांनाही हे ठाऊक होतं. आज ते आठवायला त्यांचं डोकं जागेवर नव्हतं.

"कालच उतरवून घ्यायला हवं होतं," बाबा भिंतीकडे बघत म्हणाले. "तू म्हणालीस तसं. मी घाबरलो. लावलं नाही तोवर सातवी खोली होती ना." त्यांनी टीव्ही बंद केला. पडद्याच्या मध्यावर एक पांढरा ठिपका उरला, बारीक होत गेला आणि विझला. "आता तिथे काय होतं ते कुणालाच कळणार नाही. मलाही नाही, तुलाही नाही."

पक्कडने फळीवरच्या रिंगकडे पाहिलं. बोलून कॅसेट भरणार नव्हती. गप्प राहिली तर बाबा तिच्यावर कधीच रागावणार नव्हते, आणि आजी मात्र रोज तो डबा उघडणार होती, बटणं काढायला.

तिने फळीवरून रिंग उचलली आणि बाबांच्या मांडीवर ठेवली. बाबा रिंगकडे बघत राहिले. मग पडद्याकडे, जिथे डाग नव्हता. मग टेपरेकॉर्डरकडे. त्यांचं तोंड उघडायच्या आत तिने टेबलावरचा फोन उचलला, आजीचा नंबर लावला, आणि आजीने हॅलो म्हटल्याबरोबर तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, घड्याळ काढलं तिथपासून सगळं सांगायला सुरुवात केली.