दाराला टेकलेली काठी

आमच्या श्वेत समुद्राच्या किनाऱ्यावर दाराला कुलूप लावणं म्हणजे शेजाऱ्याला तोंडावर चोर म्हणणं. घरातून निघताना बाहेरून दाराला एक काठी टेकवायची, बस्स. काठी दिसली की घरात कुणी नाही असं समजायचं आणि आल्या पावली परत फिरायचं. काठी हलवून आत शिरणाऱ्याला आमच्यात कुणी चहाही विचारत नाही. बावीस वर्षं मी नर्स म्हणून ही गावं फिरते आहे. लोकांच्या जखमा उघडल्या, पण कुणाची काठी कधी हलवली नव्हती.

मार्चमधल्या एका मंगळवारी मी आमच्या गावच्या साव्वातीच्या बर्फगाडीवरून तेरगुबाला गेले. तिथे तेरा घरं. बारा घरांच्या दारांना कित्येक वर्षं काठ्या टेकलेल्या आहेत, माणसं शहरात नाहीतर मातीत गेली. तेराव्यात उस्तिन्या मावशी एकटी राहायची. तिला साखरेचा आजार, त्यात पायाला जखम. तिचं इन्सुलिन थंडीने गोठू नये म्हणून मी कोटाच्या आत, छातीशी धरून आणलं होतं.

तिच्याही दाराला काठी होती. धुराड्यातून बारीकसा धूर निघत होता, आणि दारापुढच्या ताज्या बर्फावर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. हे दोन्ही मी पाहिलं. पण काठी समोर असल्यावर हातच्या कांकणाला आरसा कशाला?

साव्वाती गाडीवरूनच ओरडला, "काय झालं गं?"

"काठी आहे."

"मग भाच्याकडे गेली असेल म्हातारी, पोटभर मासे खायला. चल, वारा सुटायच्या आत निघू."

आम्ही निघालो. शुक्रवारी भाच्याचाच फोन आला, मावशी कशी आहे म्हणून. माझी पाचावर धारण बसली.

तासाभरात आम्ही पुन्हा तेरगुबात होतो. काठी तशीच होती. बर्फात फक्त माझी मंगळवारची पावलं होती, दारापर्यंत गेलेली आणि तिथून वळलेली.

"हात लावू नकोस," साव्वाती म्हणाला. "ज्याची काठी त्यानेच काढायची."

"आणि आत मरून पडली असेल तर?"

"मग तिला तरी कसली घाई आहे?"

मी त्याला एक सणसणीत शिवी दिली आणि काठी लाथेने उडवली.

मावशी भट्टीशेजारी जमिनीवर पडली होती. हाताला येतील ती लाकडं भट्टीत सारून तिने चार दिवस काढले होते. पाय घोट्यापर्यंत काळा पडला होता. ती रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं.

"मंगळवारी आली होतीस तू," ती म्हणाली. "मी सरपटत जाऊन खिडकी वाजवली. तू काठीकडे बघत होतीस."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मावशी, काठी कुणी लावली?"

"मला उभं राहता येतंय का? अगाफ्याने लावली असेल."

अगाफ्या समोरच्या घरातली. तिला जाऊन बारा वर्षं झाली होती.

"तिच्या दाराला अशीच काठी होती," मावशी सांगू लागली. "मी माशाचा रोट घेऊन गेले आणि काठी बघून परत फिरले. नऊ दिवस रोज जायचे, रोज परत यायचे. ती आतच होती गं. तिची स्वतःची काठी कोपऱ्यात उभी होती. आणि त्याआधी ती स्वतः शेजारच्या फोमाच्या दारावरून अशीच परत फिरली होती, तोही आतच होता. मी ओळखून होते, माझी पाळी येणार."

आम्ही तिला गोधड्यांत गुंडाळून गाडीवर ठेवलं. गाडी हलायच्या आधी तिने माझं मनगट घट्ट पकडलं.

"तूही परत फिरलीस ना? मग घरात असशील तेव्हा तुझी काठी आत आणून ठेव. आणि जमलं तर सगळ्यांना सांग, काठी दिसली तरी आत बघा म्हणून."

"मावशी, ताप चढलाय तुला," मी म्हणाले.

ती वाचली. पाय गेला, आता शहरात मुलीकडे असते. मी तिचं म्हणणं कुणालाच सांगितलं नाही. नर्सबाईचं डोकं फिरलं म्हणून गावभर हसू झालं असतं. काठी मात्र घरी आले की आत घेऊ लागले. साव्वाती चिडवायचा, "काय बाई, काठीला थंडी वाजते का?" दोनच महिने तो चिडवत होता, मग विसरला.

परवा फेरीवरून दुसऱ्याच्या गाडीने आले ती फणफणत्या तापातच. खाटेवर पडले, ती उठलेच नाही. घसा पार बसला आहे, हाक बाहेर पडत नाही. औषधांच्या चिठ्ठ्यांच्या मागच्या बाजूला हे लिहिते आहे, कुणीतरी वाचावं म्हणून.

आज दुपारी साव्वातीची बर्फगाडी दाराशी थांबली. त्याचे जड बूट पायऱ्या चढून वर आले. मी हात उचलून भिंतीवर मारला, पण त्या हातात जोरच नव्हता.

"काठी आहे," तो कुणालातरी ओरडून म्हणाला. "बाई अजून फेरीवरच दिसते."

बूट पायऱ्या उतरून गेले. माझी काठी इथे आत, भट्टीला टेकून उभी आहे.