मंकूची मांडी

सुतक फिटल्यावरही मी देवळात गेलो नव्हतो. त्या सकाळी मात्र डोक्याला बांधायचं पांढरं कापड घडी करून पिशवीत घातलं आणि निघालो. ते परत द्यायचं, मंकूपण, म्हणजे देवळाचं पुजारीपण, सोडायचं, असं मी ठरवलं होतं.

आमच्या गावात देवळाचा मंकू एकटा होत नाही. नवरा-बायको मिळून दीक्षा घेतात. मी मंत्र म्हणायचो, माझी बायको सुकेर्ती नैवेद्य रचायची. मी अडलो की मागून पाठीत बोट खुपसून पुढची ओळ सांगायची. आता ती नाही.

वडिलांमागून हे काम माझ्याकडे आलं तेव्हाही मी नकोच म्हणत होतो. "मला चार ओळी पाठ होत नाहीत."

"ब्ली, मंकू हा शब्द पंकूवरून आलाय," ती झावळीचे द्रोण टाचता टाचता म्हणाली. ब्ली म्हणजे दादा, आमच्याकडे बायका नवऱ्यालाही अशीच हाक मारतात. "पंकू म्हणजे मांडी. देवाला, माणसांना मांडीवर घेतो तो मंकू. पाठांतर कोण विचारतंय?"

"मांडीवर घेतलं की पोरं मुततात."

"मग लुंगी बदलायची."

त्या सकाळी वस्तीचा मुखिया रुंतू देवळाच्या दारातच उभा होता. त्याच्या नातीला एकशेपाच दिवस झाले होते, आज तिचे पाय पहिल्यांदा जमिनीला लावायचे होते; तोवर आमच्यात मूल खाली ठेवत नाहीत.

"हे घे," मी पिशवी पुढे केली.

"जेरो मंकू," रुंतूनं मानानं हाक मारली, "पोरीला काय ताटकळत ठेवायचं? आधी बांधा, मग परत करा."

बांधलं. आत बसून घंटा वाजवली, मंत्र सुरू केला, आणि निम्म्यात अडलो. पाठीत बोट आलं नाही. कुणीतरी खोकलं.

तेवढ्यात नैवेद्याची उतरंड कलंडली. पोरीची आई ती सावरायला धावली. पोरीला खाली ठेवता येत नव्हतं, म्हणून तिनं जवळ दिसलेल्या मांडीवर ठेवली. ती मांडी माझी होती.

पोरीनं माझ्याकडे पाहिलं, माझ्या कानावरचं फूल ओढलं, आणि मांडी गरम झाली.

"अगं बाई! जेरो मंकूंना भिजवलं!" रुंतूची बायको ओरडली.

मला हसू फुटलं. सुकेर्ती गेल्यापासून पहिलंच. हसता हसता डोळे भरले, ते मी पुसले नाहीत, कारण हात पोरीत गुंतले होते. मग मंत्र पहिल्यापासून म्हटला. दोन ठिकाणी चुकलो असेन. पोर ऐकत होती.

तिचे पाय जमिनीला लागले तेव्हा ती रडली नाही.

निघताना रुंतूनं हात पुढे केला. "द्या, कापड द्यायचं होतं ना?"

"लुंगी धुवायचीच आहे," मी म्हणालो, "हेही धुऊन टाकतो. पौर्णिमेला लागेल."